युनिक्स फक्त प्रयोगशाळेसाठी नाही



‘घरी युनिक्स वर्कस्टेशन ठेवणे ही निव्वळ हौस’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. माझ्या टेबलावर सन कंपनीचे अल्ट्रा ५ हे युनिक्स वर्कस्टेशन आहे. १९९८ साली आलेले हे यंत्र ६४ बिटी होते. त्याच वर्षीच्या विंडोज ९८ने मात्र डॉसचा पाया सोडला नव्हता. एखादा प्रोग्राम बिघडला की अनेकदा सगळा संगणकच अडून बसे. सनच्या सोलारिस या युनिक्समध्ये तो एकटा बंद करावा, बाकीचे काम चालूच राहते. वर्कस्टेशन महाग होते, हे मान्य. पण टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला, तो युनिक्सच्याच कुळातल्या नेक्स्ट संगणकावर. प्रोग्राम लिहिणाऱ्याने घरीही युनिक्सच घ्यावे. पत्रलेखकांनी ते एकदा वापरून पाहावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे