आगगाडीचा द्राविडी प्राणायाम

आमच्या भाचीचें सासर जळगांवास आहे. जालन्याहून तिच्या घरीं आगगाडीनें जावयाचें तर प्रथम पश्चिमेस मनमाड गांठावें, तेथें गाडी बदलावी आणि पुन्हां पूर्वेस वळावें. हा द्राविडी प्राणायाम तीनशेंहून अधिक किलोमीटरांचा होतो! आमच्या घरांतील मंडळींचें मत स्पष्ट आहे: त्यापेक्षां एस्.टी. बरी.

याचें मूळ इतिहासांत आहे. मनमाडहून जालना, परभणी, नांदेडकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखांत झाला. तो एक मीटर रुंदीचा. मुंबईचा १,६७६ मिलिमीटरांचा. म्हणून मनमाडास माणसें व माल उतरवून पुन्हां चढवावा लागे. खानदेश इंग्रजांकडे, जालना निजामाकडे. निजामाचें लक्ष हैदराबादेकडे, तेव्हां उत्तरेस रूळ कोण टाकणार? रुंदीकरण झालें तें १९९० नंतरच्या दशकांत.

३० डिसेंबर २०२३ रोजीं जालना-मुंबई 'वंदे भारत' सुरू झाली. २०२५ मध्यें ती नांदेडपर्यंत गेली. गाडी देखणी आहे, यांत शंका नाहीं. परंतु ती मुंबईची वाट. माहेर-सासरची वाट अजून आडवळणाचीच.

ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्र सरकारनें जालना-जळगांव या १७४ किलोमीटरांच्या नव्या मार्गास मंजुरी दिली. अजिंठ्याच्या बाजूनें तो जाईल. आम्हांस आनंद झाला. पण शिक्षकी पेशांतील माणसास आधीं वेळापत्रक आठवतें. जालना दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागांत, मुख्यालय सिकंदराबादेस. जळगांव मध्य रेल्वेकडे, मुख्यालय मुंबईस. जालन्याची गाडी जळगांवांत शिरावी आणि भुसावळकडील गाडी वीस मिनिटें आधींच सुटलेली असावी, असें झालें तर दोहोंपैकीं जाब कोणास विचारावयाचा? शिवाय एकेरी मार्ग असला कीं समोरची गाडी येईपर्यंत स्थानकांत थांबणें आलेंच, आणि मागें सरते ती सामान्य पॅसेंजर.

स्वित्झर्लंडनें १९८२ मध्यें देशभर ठराविक अंतरानें धांवणाऱ्या गाड्यांचें वेळापत्रक लागू केलें, आणि पुढें त्या वेळापत्रकास कोठें किती रूळ हवेत, हें पाहून कामें हातीं घेतलीं. आपल्याकडे उलट: रूळ आधीं, वेळ मागाहून. तेथील राज्य लहान, हें मान्य; परंतु दोन विभागांच्या अधिकाऱ्यांनीं एका टेबलाशीं बसण्यास देश लहान असावा लागत नाहीं.

परवां भाचीनें विचारलें, "मामा, गाडी केव्हां सुरू होईल? आईस आतां एस्.टी. सोसवत नाहीं." तिची आई म्हणजे आमची थोरली भगिनी. दिवाळीस ती लेकीकडे जाणार आहे; यंदा तरी एस्.टी.चींच तिकिटें काढलीं आहेत.