घाटाला उतारही असतो

गेल्या पाडव्याला माझा पुतण्या सायकलवरून फराळाला आला. सायकल मोठी देखणी, पण तिला ब्रेकच नव्हते! मला वाटले, सणाच्या धांदलीत दुरुस्ती राहून गेली असेल. तसे म्हणताच तो हसला. "काका, ही फिक्स्ड गिअर. ब्रेक मी मुद्दाम काढलेत. गिअर आणि ब्रेक लागतात ते कच्च्या माणसांना. उद्या हिच्यावरून सिंहगड!" घरात कौतुकाचा गजर झाला. माझ्या मात्र चकली घशात अडकली.

वाचकहो, हे प्रकरण काय आहे ते आधी सांगतो. आपल्या साध्या सायकलीला फ्रीव्हील असते. पाय थांबले तरी चाक फिरत राहते. फिक्स्ड गिअरला फ्रीव्हील नाही. चाक फिरले की पायडल फिरलेच, आणि पायडलबरोबर पायही. उसंत म्हणून नाही. तिच्यात गंमत आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. मोडायला भाग थोडे, वजन कमी. सपाट रस्त्यावर तर सायकल आपल्याच पायांची होऊन जाते. माझे भांडण सायकलीशी नाही, तिच्यावर चढवलेल्या पराक्रमाच्या झुलीशी आहे.

हिशेबच मांडू. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १६. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर एका फेऱ्यात ६.३ मीटर. ताशी ८ किलोमीटरने घाट चढताना मिनिटाला जेमतेम २१ फेरे पडतात. प्रत्येक फेरा गुडघ्यातून पिळून काढावा लागतो. उतरताना वेग ताशी ४० झाला, की तेच पाय मिनिटाला १०६ वेळा फिरवावे लागतात. तेव्हा माणूस सायकल चालवत नाही, सायकल माणसाला चालवते.

"पायांनी चाक रोखता येते," असे पुतण्या म्हणतो. येते की! पण उताराला वेग आवरताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचे हलके होते आणि घसरते. शिवाय पाय आणि चाक यांच्यात दुवा एकच, तो म्हणजे चेन. वळणावर ती उतरली तर पराक्रमाच्या हाती काय उरले?

मग तो जपानचा दाखला काढतो. तिथे १९४८ साली सुरू झालेल्या केरिन शर्यतींत सायकलींना ब्रेक नसतात. खरे आहे, पण त्या शर्यती बंदिस्त गोल धावपट्टीवर होतात, समोरून एस. टी. येत नाही. त्याच जपानात रस्त्यावर पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक कायद्याने लागतात. ब्रिटनमध्ये फिक्स्ड चाक मागच्या ब्रेकच्या जागी चालते, पण पुढचा ब्रेक हवाच. तिथले शर्यतवीर फिक्स्ड गिअरवर डोंगर चढतात, पण त्यांची शर्यत माथ्यावरच संपते. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा'देखील चढावरच ठरतो. घरी परतायचे असते ते मात्र उतारावरून.

गिअरला नामर्दपणा ठरवण्याची ही खोड जुनी आहे. 'तूर द फ्रान्स' शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याने १९०२ मध्येच लिहिले होते, की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत. १९१० मध्ये त्याची शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली. २,११५ मीटर उंचीच्या तूरमालेवर बिचाऱ्या स्वारांना उतरून सायकली ढकलाव्या लागल्या. पुढेही कित्येक वर्षे त्यांनी घाटाच्या पायथ्याशी खाली उतरायचे, मागचे चाक काढायचे, उलटे बसवून दुसऱ्या बाजूचे दाते वापरायचे आणि मग चढायचे. गिअर बदलण्याच्या यंत्रणेला तूरमध्ये मुभा मिळाली १९३७ मध्ये, देग्रांज बाजूला झाल्यावर! त्या वर्षी रोजे लापेबी त्याच यंत्रणेच्या सायकलीवर जिंकला. त्याला कोणी कच्चा म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्याच फ्रान्समध्ये सेंट-एतिएनचा पॉल द विवी, म्हणजे 'वेलोसिओ', गिअरच्या बाजूने उभा होता. तो स्वतः डोंगरांतून लांब लांब फिरे. त्याला माणसाला पिळायचे नव्हते, सामान्य माणसाला डोंगर दाखवायचा होता. मला देग्रांजपेक्षा हा मोठा वाटतो. कष्ट आपण होऊन पत्करावेत, त्याबद्दल ना नाही. पण आपल्या कष्टांच्या गजाने दुसऱ्याची लायकी मोजू नये; आणि आपल्या हौसेची किंमत उतारावर समोरून येणाऱ्या भाजीवालीला तर मुळीच मोजायला लावू नये.

म्हणून पुतण्याला एवढेच सांगितले, "बाबा रे, फिक्स्ड गिअर ठेव, गडही चढ. पण पुढचा ब्रेक लाव. तो तुझ्या कमकुवतपणाचा नाही, रस्ता तुझ्या एकट्याचा नाही याचा पुरावा आहे." तो गप्प राहिला. आजी मात्र म्हणाली, "ब्रेक बसवून ये, मग उरलेल्या करंज्या मिळतील." संध्याकाळी तो सायकलच्या दुकानाकडे जाताना दिसला. सायकल त्याने हातात धरली होती.