सांगकाम्याची वही

सांगकाम्या नोकराची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. सांगाल तेवढेच आणि सांगाल तसेच तो करतो, आणि त्यापायी घरादाराची दैना होते. हल्ली हा गृहस्थ संगणकात राहावयास गेला आहे. 'वर्ड'मध्ये त्याला मॅक्रो म्हणतात. 'रेकॉर्ड मॅक्रो' अशी आज्ञा केली की आपण दाबू त्या कळा तो आपल्या वहीत टिपून घेतो आणि पुढे हुकूम होताच तीच कृती बिनतक्रार पुन्हा करतो. आता काम का केले, हे मात्र तो टिपत नाही. हात कसा हलला, एवढेच टिपतो. साऱ्या तंट्याचे मूळ इथे आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीने आजोळच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. गाणाऱ्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. प्रत्येक ओवीच्या दोन ओळी आणि खाली नोंदीचा क्रमांक, अशी तिची मांडणी. क्रमांक काढून टाकायचे म्हणून तिने मॅक्रो नोंदवला: ओवीच्या आरंभापासून दोन ओळी खाली जा, ती ओळ निवड, पूस. घरी काम झकास झाले. पुढला भाग तिने दुसऱ्या संगणकावर केला आणि रडवेली होऊन आली. "सर, क्रमांक तसेच आहेत आणि ओव्यांचे दुसरे चरण गेले!"

तिथला समास अरुंद होता. लांबलचक पहिला चरण मोडून दोन ओळींत उतरला. मॅक्रो इमानाने दोन ओळी खाली गेला, तो नेमका दुसऱ्या चरणावर! 'वर्ड'च्या लेखी ओळ म्हणजे पडद्यावर दिसते ती, कवितेची नव्हे.

गंमत अशी की, मॅक्रो अडला असता तर बरे होते. नसलेला तक्ता किंवा नसलेली खूण मागितली, तर ५९४१ क्रमांकाची चूक दाखवून तो थांबतो. तो आरडाओरडा मला उपकारक वाटतो. गप्प राहून चुकणारा मॅक्रो अधिक घातकी.

आम्ही फाइलची प्रत काढली. ऑल्ट आणि एफ८ दाबून मॅक्रोंची यादी उघडली, 'स्टेप इन्टू' निवडले आणि एफ८ची एकेक टिचकी देत एकेक आज्ञा चालवली. तिसऱ्या टिचकीला चोर सापडला. मग मॅक्रो नव्याने नोंदवला. नुसत्या खालच्या बाणाऐवजी कंट्रोलसह बाण दाबला की तो ओळी न मोजता परिच्छेद मोजतो. तिने प्रत्येक चरणानंतर एंटर दिलेला असल्यामुळे समास कितीही बदलला तरी हिशेब चुकेना. (नोंदणी चालू असताना माउसने मजकूर निवडता येत नाही, ते काम कळांनीच करावे लागते.) गेलेले चरण तिच्या कागदी वहीत होते, ते तिने पुन्हा उतरवले. वही टाकून दिली असती तर त्या दोघी म्हाताऱ्यांना कुठे शोधायचे?

आपल्या भाषेपुरती एक अडचण राहते. मॅक्रोच्या संपादकात स्वतः देवनागरी अक्षर लिहू गेले, तर बहुधा तिथे प्रश्नचिन्हे उमटतात. त्याला अक्षराचा क्रमांक सांगावा लागतो. 'अ'चा २३०९, 'ळ'चा २३५५. आमच्या वर्गातल्या पोरांनी ते पाठही करून टाकले आहेत.