अर्जाखाली नाव कुणाचे?

निजामी अमदानीत आष्टीहून नगरच्या पेठेत माल घेऊन निघालेल्या माणसास संस्थानच्या सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्याला तोंड द्यावे लागे. परंतु तेथला अंमलदार कितीही तापट असला तरी तो हाडामांसाचा मनुष्य असल्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालता येई, त्याच्या विनवण्या करता येत, आणि काहीच साधले नाही तर त्याच्या नावानिशी वरच्या कचेरीत तक्रारीचा कागद तरी धाडता येई. आज परदेशी जाऊ पाहणाऱ्या बीडकराला लागणारा पहिला नाका संगणकाच्या पडद्यावर असतो आणि तेथे हुज्जत घालण्यास कोणी बसलेलेच नसते.

ही सोय मोठी आहे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवान्याचा प्रघात पाडला, आपल्या सरकारने नोव्हेंबर २०१४ पासून परदेशी पर्यटकांस तशीच वाट मोकळी केली, आणि व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना नव्वद दिवसांचा ई-व्हिसा खुला केला. ज्या बीड शहरात आगगाडी पोहोचण्यास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला, तेथे हनोईचा परवाना पंचवीस डॉलर भरले असता बहुधा कामाच्या तीन दिवसांत येतो, आणि त्यासाठी मुंबईच्या वकिलातीत पासपोर्ट अडकवून ठेवावा लागत नाही.

मात्र या व्यवस्थेत कारकुनाचे काम नाहीसे झालेले नाही. ते अर्जदाराच्या गळ्यात पडले आहे. पूर्वी खिडकीपलीकडचा मनुष्य कागद उलटून पाही आणि चूक दिसली की परत फेकी. त्या फेकण्यात उद्दामपणा असला तरी तपासणीही असे. आता तपासणीचा सारा भार अर्जदारावर आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला अर्जदार तो बहुधा गावातल्या आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकावर सोपवून मोकळा होतो.

केजचे एखादे निवृत्त गुरुजी व त्यांची पत्नी सहलीसाठी असा ई-व्हिसाचा अर्ज भरू लागले, तर काय होते ते पाहावे. केंद्रात एका बाजूला पीकविम्याची रांग, दुसऱ्या बाजूला आधारच्या रंगीत प्रती लॅमिनेट करण्याचे यंत्र, आणि मध्ये चालक मुलगा चार कामे एकदम उरकत असतो. बाईंच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात त्यांचे व पतीचे अशी दोन नावे असतात, आडनाव निराळ्या रकान्यात असते, आणि आधार कार्डावर हाच मजकूर भलत्याच क्रमाने छापलेला असतो. हाताशी आधार असल्यामुळे मुलगा त्यावरून नाव उतरवतो, आणि पासपोर्टशी अक्षरशः न जुळणारा व्हिसा तयार होतो.

जन्मतारखेची कथा याहून सूक्ष्म आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणास ठाऊक नसल्यामुळे गुरुजींनी १ जून टाकून दिलेली एक सबंध पिढी मराठवाड्यात आहे. काही अर्जांत दिवस आधी मागतात, तर अमेरिकी वळणाच्या अर्जांत महिना आधी. पंचवीस तारखेचा मनुष्य उलटा लिहिला गेला तर पंचविसावा महिना नसल्याने यंत्र अडवते. १ जूनच्या माणसाची मात्र बिनतक्रार ६ जानेवारी होते. नावाच्या बाबतीतही अशीच गत. पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटनाच्या व भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारला, आणि आडनावाचा रकाना आयुष्यभर कोरा राहिलेली वडीलधारी मंडळी आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.

यात भर पडते ती बनावट संकेतस्थळांची. सरकारी भासणारी खाजगी दुकाने दुप्पट-तिप्पट रक्कम उकळतात. भारताच्या ई-व्हिसाबाबत आपल्याच शासनाला तसा इशारा द्यावा लागला आहे. शिवाय घाईत ईमेल केंद्राचा आणि मोबाइल क्रमांक चालकाचा लिहिला जातो, तेव्हा परवाना येतो तोही त्याच्याच पेटीत. अर्जाच्या शेवटी मात्र ‘वरील सर्व मजकूर खरा आहे’ हे प्रतिज्ञापन अर्जदाराच्या नावे असते, मग त्याला त्यातले इंग्रजी अक्षर वाचता येवो वा न येवो. विमानतळावर अडवले तर दाद मागायची कोणाकडे? भरलेले शुल्क परत मिळत नाही, आणि अर्ज कोणी लिहिला याचा पुरावा कोठेच नसतो.

आपल्या जुन्या वहिवाटीत याची तजवीज होती. मोडी दस्ताखाली कुणब्याची निशाणी नांगर असे, आणि बिकलम अमुक म्हणून लिहिणाराचे नावही असे. निरक्षराने सहीसाठी नांगर काढला तरी मजकुराची जबाबदारी त्या कलमवाल्याला झटकता येत नसे. आजही आपले सरकार सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यास ठरलेला दर असतो व पावती मिळते. परंतु परदेशी व्हिसाचा अर्ज हे तिथले अधिसूचित काम नव्हे, म्हणून त्याच टेबलावर, तोच मुलगा, तेच काम बिनपावतीने व मनास येईल त्या दराने करतो.

जिल्हा प्रशासनाने एवढेच करावे : परवानाधारक केंद्राने दुसऱ्यासाठी भरलेल्या प्रत्येक ऑनलाइन अर्जाची, मग तो कोणत्याही सरकारकडे जावो, छापील पावती द्यावी, तीवर संकेतस्थळाचा पत्ता, मूळ शुल्क, स्वतःची मजुरी आणि भरणाऱ्याचे नाव असावे, आणि भरलेला मजकूर पाठवण्यापूर्वी मराठीत वाचून दाखवावा. अशाने केंद्रचालक ही कामे नाकारतील असे कोणी म्हणेल. काही नाकारतीलही, परंतु ज्याला आपल्या कामाखाली नाव घालण्याची धास्ती वाटते, त्याने दुसऱ्याचा प्रवास हाती न घेतलेलाच बरा. तोवर प्रवाशाने आधार घरी ठेवून केवळ पासपोर्टच केंद्रात न्यावा, ईमेल स्वतःचा किंवा मुलाचा द्यावा, आणि पैसे भरण्याआधी नाव, क्रमांक व जन्मतारीख पासपोर्टवर बोट ठेवून एकेक अक्षराने ताडून घ्यावी.