दूतावास कोणासाठी?

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरचा, निदान शेजारचा, एखादा मुलगा आखातात वेल्डर, सुतार वा ड्रायव्हर म्हणून गेलेला असतो. तेथे त्याच्यावर प्रसंग ओढवला तर त्याने जावे कोठे? ‘भारतीय दूतावासात’ हे उत्तर कागदावर अगदी बरोबर आहे. सौदी अरेबियात २० लाखांहून अधिक भारतीय आहेत. दूतावास रियाधला आणि वाणिज्य दूतावास जेद्दाला. दम्मामहून रियाध सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून जवळजवळ कोल्हापूर. पासपोर्टचे अर्ज घेणारी खाजगी केंद्रे इतर शहरांतही आहेत, अधिकाऱ्यांचे दौरेही अधूनमधून होतात. परंतु ज्याचा पगार चार महिने थकला आहे, ज्याला आठवड्यात एकच सुट्टी आहे आणि ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात कुलूपबंद आहे, त्याला ते ४०० किलोमीटर ओलांडता येत नाहीत.

या कुलपाबद्दल जरा बोललेच पाहिजे. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. कामगाराचा पासपोर्ट काढून घेणारा मालक त्याची अडवणूक तर करतोच, शिवाय भारत सरकारची मालमत्ता दाबून ठेवतो. आखाती देशांच्या कायद्यांनाही हे मान्य नाही. मग प्रत्येक कामगाराने एकट्याने अर्ज करावा, गयावया करावी, अशी अपेक्षा का? दूतावासाने स्वतः मालकाकडे जाऊन आपली वस्तू परत मागावी.

सरकारला हवे असले म्हणजे ते किती ठाम उभे राहू शकते, हे आपण पाहिले आहे. कुलभूषण जाधव यांना वकिलातीच्या अधिकाऱ्यांची भेट नाकारल्याबद्दल भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाचा पाकिस्तानने भंग केला, असा निकाल १७ जुलै २०१९ रोजी मिळाला. ती लढाई रास्तच होती. परंतु तेच ३६ वे कलम किरकोळ आरोपाखाली परदेशी तुरुंगात पडलेल्या सुतारालाही लागू आहे. त्याच्या भेटीला कोण आणि किती दिवसांनी जातो, हा प्रश्न आम्ही विचारतो.

मोठ्या संकटात आपली यंत्रणा धावून जाते, हेही मान्य केले पाहिजे. १९९० साली कुवेतमधून एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी आणले. २०१५ साली येमेनमधूनही हजारोंची सुटका झाली. जून २०२४ मध्ये कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, तेव्हा ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाचे विमान घेऊन आले. मृतदेह आणण्यात तत्परता दिसली. पण कामगारांना दाटीवाटीने ठेवणाऱ्या अशा इमारतींत आगीपूर्वी दूतावासाचा माणूस नेमाने फिरकत असता, तर? वसाहतींना भेटी, त्याही कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी आणि त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन, ही आमची पहिली मागणी आहे. पैशाचे कारण कोणी पुढे करू नये. २००९ साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी मुख्यतः दूतावासातील सेवांच्या शुल्कावर उभा राहतो. म्हणजे तो त्या कामगारांच्याच खिशातून जमतो.

दुसरी मागणी थेट आपल्या टपाल बांधवांच्या कामाशी जोडलेली आहे. परराष्ट्र खात्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘मदद’ नावाची संगणकीय तक्रार व्यवस्था सुरू केली. तक्रार घरच्यांनाही करता येते. सोय चांगली आहे, पण खेड किंवा दापोली तालुक्यातल्या वाडीवर बसलेल्या मायमाउलीने ती भरायची कशी? तिला एजंट गाठावा लागतो, आणि मुलाला पाठवतानाच एका एजंटाने घर धुऊन नेलेले असते! जानेवारी २०१७ मध्ये म्हैसूर आणि दाहोद येथे टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे सुरू झाली. आज ती देशभर चारशेहून अधिक आहेत आणि टपाल कर्मचारी तेथे अर्ज स्वीकारतात. जी खिडकी मुलाला परदेशी जाण्याचा कागद मिळवून देते, तिनेच त्याच्या आईची तक्रार विनामूल्य नोंदवून पावती का देऊ नये?

मात्र एक गोष्ट आताच स्पष्ट करतो. रिक्त जागा तशाच ठेवून हे काम आहे त्याच कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर टाकले, तर तक्रारींचे गठ्ठे पडून राहतील आणि शिव्या खिडकीवरच्या माणसाला बसतील. या कामासाठी कायम पदे मंजूर झाली पाहिजेत. ते कंत्राटदाराच्या हाती देण्यास आमचा विरोध राहील.