शंख-शिंपले तिथेच राहू द्या



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडेही कोकणचे बेत सुरू होतात. आम्हा इस्लापूरच्या बायकांना पाणी म्हणजे पैनगंगा आणि सहस्रकुंडाचा धबधबा. समुद्राची वाळू आपल्याला नवी. म्हणून मालवणजवळ देवबागला गेलात, तर तिथलं त्सुनामी बेट जरूर पाहा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं हे वाळूचं छोटं बेट. होडीने जाता येतं. नंतर वॉटर स्पोर्ट्सची गर्दी होते, म्हणून सकाळी लवकर जा. तेव्हा लाटांशिवाय दुसरा आवाज नसतो. भरती-ओहोटीची वेळ होडीवाल्याला विचारून घ्या आणि उकळलेलं पाणी सोबत ठेवा.

एकच विनंती आहे. येताना शंख-शिंपले आणू नका.

"रिकामा तर आहे, त्यात कसलं पाप?" असं कुणीतरी म्हणतंच. पाठशाळेत आपण शिकलो की शंख, शिंपला हे दोन इंद्रियांचे जीव. पण तो जीव गेल्यावरही घर रिकामं राहतंच असं नाही. एका जातीच्या खेकड्याचं पोट मऊ असतं. त्याला झाकायला तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो, आणि अंगाने वाढला की आणखी मोठा शंख शोधतो. आपण हौसेने उचललेला शंख म्हणजे कदाचित त्याचं उद्याचं घर.

विकत घेतलेल्या शंखांचं तर याहून वाईट. किनाऱ्यावर वाहून आलेला शंख बहुधा घासलेला, फुटका, फिका असतो. दुकानातले चकचकीत शंख, शिंपल्यांचे पडदे, किचेन यांसाठी बऱ्याचदा जिवंत प्राणीच पकडून मारलेले असतात. काही शंखांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेलं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी किड्यांच्या हिंसेमुळे रेशमी साडी नेसत नाहीत. मग त्याच घरातल्या शोकेसमध्ये शंखांची माळ कशी चालते? आपण मारलं नाही, हे खरं. पण कृत, कारित, अनुमोदना या तिन्हींचा विचार करायला आपल्याला शिकवलं आहे. पैसे मोजून वस्तू घेणं ही अनुमोदनाच झाली.

काही मोठ्या बायका म्हणतात, "त्यापेक्षा समुद्रावर जाऊच नये, तीर्थाला जावं." मला ते पटत नाही. मुलांनी जीव पाहिलाच नाही, तर त्याची दया कशी येणार? वाळूतली बिळं दाखवा, खेकडा तुरुतुरु पळताना दाखवा. शंख हातात घेण्याआधी आत कुणी आहे का, हे वाकून बघायला सांगा. फोटो काढा आणि पुढे चला.

नातेवाइकांसाठी काही आणायचंच असेल, तर मालवणातून कोकम आणा. उन्हाळ्यात सरबताला उपयोगी पडतील.