देवदर्शनाची सहल : बसबरोबर की आपल्या गाडीने?

पावसाळा सरला की घरोघरी यात्रांचे बेत सुरू होतात. अष्टविनायक, भीमाशंकर, जमले तर शिवनेरीचा पायथा. याच सुमारास दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. आईवडिलांना सहल काढणाऱ्यांच्या बसने पाठवावे, की स्वतंत्र गाडी करून द्यावी? घरात या प्रश्नाचा निकाल बहुधा खर्चावर लागतो. परंतु प्रवासी सत्तरीच्या पुढचा असेल, तर हा प्रश्न पैशांइतकाच प्रकृतीचा आहे. वाचकहो, आज त्याचा विचार जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील वाटा डोळ्यांसमोर ठेवून करू.

प्रथम बसचे गुण पाहू. मुक्काम, जेवण, दर्शनाची वेळ, यांपैकी कशाचीच चिंता वृद्धांना करावी लागत नाही. समवयस्कांची सोबत मिळते. जोडीदार गमावलेल्या व्यक्तीला ही सोबत कोणत्याही औषधाइतकी उपयोगी पडते, असे मी अनेकदा पाहिले आहे. एखाद्याला भोवळ आली तर मदतीला चाळीस हात असतात. खर्चही कमी येतो. राज्य परिवहनाच्या साध्या गाडीने टप्प्याटप्प्याने जायचे असल्यास पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना 2022 पासून राज्यात मोफत प्रवास आहे, आणि 65 ते 75 या वयोगटाला निम्मे भाडे पडते.

आता तिची उणी बाजू. आठ गणपतींपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडमध्ये आणि सिद्धटेकचा एक अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. बहुतेक सहली ही आठही ठिकाणे दोन दिवसांत उरकतात. साहजिकच प्रत्येक ठिकाणचा वेळ मोजून दिलेला असतो, आणि तो मोजताना मध्यमवयीन, धडधाकट यात्रेकरू गृहीत धरलेला असतो. गुडघे धरलेली आजी पायऱ्यांच्या मध्यावर असताना खाली बसचा भोंगा वाजू लागतो. मग ती घाई करते. वृद्धापकाळातील पुष्कळशा पडण्यांच्या मुळाशी ही घाईच असते.

दुसरी अडचण लघवीची. तिच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी स्पष्ट लिहितो. बस वाटेत थांबणार नाही या धास्तीने ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. काही जण रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची लघवी वाढवणारी गोळीही परस्पर गाळतात. पहिल्या चुकीमुळे भोवळ, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग संभवतो. दुसरीमुळे ज्यांचे हृदय अशक्त आहे त्यांच्या पायांवर सूज येऊन रात्री दम लागू शकतो. ही गोळी बंद करावयाची नसते. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढे ढकलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

स्वतंत्र गाडीत हा जाच नाही. हवे तेथे थांबता येते, दोन गणपतींवर समाधान मानून परतता येते, दुपारी दोन तास आडवे होता येते. पण एक गोष्ट विसरली जाते. चालक हा चालक असतो, परिचारक नव्हे. वृद्ध दांपत्य आणि चालक एवढेच गाडीत असतील, तर एकाची प्रकृती बिघडल्यावर धावपळ दुसऱ्या वृद्धानेच करावयाची असते. म्हणून स्वतंत्र गाडी ठरवताना धाकटे कोणी तरी बरोबर असणे ही माझ्या मते पहिली अट आहे. दुसरी अट स्वतःवर घालावयाची. ‘आलोच आहोत तर तेही पाहून घेऊ’ या मोहाने आपल्या गाडीचा प्रवासही बसइतकाच दमवणारा होतो.

गाडीने जाणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. जुन्नर, आंबेगाव हा उसाचा आणि बिबट्यांचा मुलूख आहे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला रस्त्याकडेच्या उसालगत लघवीसाठी बसू नये. खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान सावजासारखा दिसू शकतो. पुणे–नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव अशा गावांत, उजेडाच्या आणि वर्दळीच्या ठिकाणीच थांबावे.

आता प्रत्यक्ष ठिकाणांकडे वळू. ओझरचा विघ्नेश्वर सपाटीवर, कुकडीच्या काठी आहे. तेथे काठी टेकत किंवा चाकाच्या खुर्चीत बसूनही दर्शन घडते. ओझरपुरता विचार केला तर बस आणि गाडी यांत फारसा फरक नाही.

लेण्याद्रीची गोष्ट वेगळी. गिरिजात्मजाचे स्थान डोंगरातील बौद्ध लेण्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे आणि तेथवर सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. घरातील एका मजल्याला वीस पायऱ्या धरल्या, तर ही चढण पंधरा मजल्यांची झाली! यात्रेला निघण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी चाचणी करावी. सोबत कोणाला तरी घेऊन, आपल्या नेहमीच्या चालीने, न थांबता दोन मजले चढून पाहावेत. छातीत दडपण आले, दम लागून वाक्य पूर्ण बोलता येईना किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबावे आणि लेण्याद्रीचा बेत तूर्त बाजूला ठेवून प्रथम तपासणी करून घ्यावी. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, विश्रांतीतही छातीत दुखणाऱ्यांनी आणि हृदयाची झडप अरुंद झालेल्यांनी तर ही चाचणीही स्वतःहून करू नये.

चढताना भार हृदयावर येतो, उतरताना गुडघ्यांवर. त्यामुळे ज्यांचे हृदय ठणठणीत पण गुडघे झिजलेले आहेत, त्यांना वर जाणे साधते आणि उतरणे जड जाते. लेण्याद्रीला डोलीची सोय मिळते. डोली करावयाची तर येण्याजाण्याची करावी. केवळ वर जाण्यापुरती करून उतरताना पैसे वाचवणे हे गुडघ्यांच्या दृष्टीने उलटे गणित आहे. वाटेवर माकडे असतात, म्हणून हातात खाऊची पिशवी नको. एक हात कठड्याला आणि दुसरा काठीला मोकळा असावा.

भीमाशंकरला हा क्रम फिरतो. मंदिर खोलगट जागी असल्याने दोनशेहून अधिक पायऱ्या आधी उतराव्या लागतात आणि चढण परतीच्या वाटेवर येते. म्हणजे उपाशीपोटी, रांगेत उभे राहून थकल्यावर हृदयाची परीक्षा होते. जाताना काही त्रास झाला नाही, या अनुभवावर तेथे विसंबू नये. शिवाय मंचर–घोडेगाव–डिंभे मार्गे जाणारा हा रस्ता घाटवळणांचा आहे. मळमळ थांबवणाऱ्या पुष्कळशा गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये. पुढच्या आसनावर बसावे, दूरवर नजर ठेवावी, निघताना हलका नाश्ता करावा. श्रावणात आणि महाशिवरात्रीला खासगी वाहने अलीकडच्या वाहनतळावर थांबवून भाविकांना एसटीच्या गाड्यांनी पुढे नेण्यात येते. त्या दिवसांत स्वतंत्र गाडीचा मुख्य फायदाच उरत नाही. ज्येष्ठांनी गर्दीचे दिवस टाळून साधा वार निवडावा.

मधुमेहींसाठी वेगळे सांगितले पाहिजे. चतुर्थीचा किंवा सोमवारचा उपवास, त्यात इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी, आणि वर तीनशे पायऱ्या, हा योग घातक ठरू शकतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 क्रमांकाला दूरध्वनी करावा. बसच्या सहलीत जेवणाची वेळ आपल्या हाती नसते, म्हणून मधुमेह्याच्या खिशात बिस्किटे आणि साखर असलीच पाहिजे. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये.

परदेशी असलेली मुले हल्ली आईवडिलांना जहाजाच्या सफरीला नेतात. तेथेही हाच पेच पडतो. जहाज बंदराला लागले की गाव पाहण्यासाठी जहाजाने आखलेली सहल घ्यावी, की बाहेर स्वतंत्र गाडी करावी? जहाजाच्या सहलीला परतण्यास उशीर झाला तर साधारणपणे जहाज तिच्यासाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही, आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. यातून एक सूत्र मिळते. जेथे उशिराची किंमत मोठी, तेथे संघटित सहल बरी. जेथे उशिराने काही बिघडत नाही, तेथे स्वतंत्र गाडी बरी. लेण्याद्रीचा गणपती जहाजासारखा निघून जाणार नाही. आज पायथ्याशी हात जोडले तर उद्या वर जाता येईल. म्हणून केवळ जुन्नर परिसराचे दर्शन घ्यावयाचे असेल आणि घरात नाजूक प्रकृतीचे कोणी असेल, तर माझा कौल स्वतंत्र गाडीला आहे. आठही गणपती करावयाचे असतील, प्रकृती चांगली असेल आणि सोबतीची ओढ असेल, तर बस उत्तम. तीही शक्यतो अशी, जिचे आयोजक तीन दिवस घेतात आणि जिच्यात केवळ ज्येष्ठ मंडळी असतात. दोन कुटुंबांनी मिळून एक मोठी गाडी करणे हाही मधला मार्ग आहे.

बसचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना चार प्रश्न विचारावेत. दर दोन तासांनी गाडी थांबते का? मुक्कामाची खोली तळमजल्यावर मिळेल का? जो वर चढणार नाही, त्याच्याजवळ पायथ्याशी कोण थांबेल? कोणी आजारी पडल्यास बरोबर कोण जाईल? उत्तरे टाळाटाळीची आली, तर दुसरी सहल पाहावी. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायातील रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. गाडी कोणतीही असो, थांबेल तेथे उतरून चार पावले चालावे.

बरोबर औषधे दोन दिवस अधिक पुरतील इतकी असावीत आणि ती बसच्या पोटात टाकलेल्या बॅगेत नव्हे, तर हाताशी. खिशात एका कागदावर आजार, औषधे, वावडे आणि घरचा दूरध्वनी लिहिलेला असावा. जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. चालकालाही हे ठाऊक असावे.

अखेरीस मुलांना आणि सुनांना एक विनंती. हे सारे ठरवताना ज्यांच्यासाठी बेत आखला आहे, त्यांना विचारा. काळजीपोटी आपण ‘तुम्हांला झेपणार नाही’ असे म्हणून विषय संपवतो, किंवा हौसेपोटी ‘काही होत नाही, चला’ म्हणून त्यांना ओढतो. दोन्ही वेळा त्यांचे मत राहूनच जाते. कोणाला गाभाऱ्यापर्यंत पोहोचावयाचे असते, कोणाला केवळ मैत्रिणींबरोबर बसमध्ये आरत्या म्हणावयाच्या असतात, कोणाला पायथ्याशी बसून डोंगराकडे पाहिले तरी पुरते. काय हवे ते त्यांच्या तोंडून ऐका, दोन मजल्यांची चाचणी करा, आणि तपासणीसाठी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, तर दोन आठवडे आधी या. औषधांत काही बदल करावा लागला, तर तो अंगवळणी पडण्यास तेवढा अवधी लागतो.